शिंपल्याच्या अंगी काय लागते?

खाल्लेले सगळे अंगी लागत नाही, हे आपल्याकडे कोणतीही आजी सांगेल. शिंपल्यांच्या बाबतीत ही गोष्ट पटायला सागरी जीवशास्त्राला मात्र विसाव्या शतकाचा मोठा भाग खर्ची घालावा लागला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातली तिसरी किंवा कालव काय खाते, हे शोधायचे तर पोट उघडून पाहावे, ही रीत सरळ वाटते. पण तिने चांगल्या चांगल्यांना चकवले. फ्रान्समधल्या मारेनच्या कालवांचे कल्ले हिरवे होतात आणि तो रंग तांब्याच्या विषाचा, अशी धास्ती लोकांत होती. गायों यांनी १८२० मध्ये एका सूक्ष्म जीवाकडे बोट दाखवले. तो निळे रंगद्रव्य बाळगणारा डायटम, म्हणजे सिलिकेच्या कवचातले एकपेशीय शैवाल, असल्याचे रे लँकेस्टर यांनी १८८६ मध्ये मांडले. कालवाचे अन्न असे त्याच्या अंगावरच लिहिलेले सापडले. पण हे रंगद्रव्य पाण्यात विरघळूनही कल्ल्यांना चिकटते. म्हणजे रंग दिसला तरी मांसाचा किती वाटा त्या डायटमपासून घडला, हे त्यावरून कळत नाही.

याच प्रश्नावर सर्वांत भव्य उत्तर दिले ते डेन्मार्कच्या सी. जी. योहानेस पीटरसन यांनी. १८८९ पासून ते डॅनिश बायोलॉजिकल स्टेशनचे प्रमुख होते. त्यांना पाहायचा होता समुद्राच्या तळाचा ताळेबंद: प्लेससारख्या चपट्या माशांना खायला शिंपले व किडे किती आणि त्या शिंपल्यांना खायला काय. तळाचा ठरावीक क्षेत्रफळाचा तुकडा लोखंडी जबड्यात पकडून वर आणणारे यंत्र त्यांनी बनवले. चौरस मीटरला किती जीव, हे त्यामुळे मोजता येऊ लागले; तळाचे सर्वेक्षण आजही याच तत्त्वावर चालते. १९११ मध्ये पी. बोयसन येन्सन यांच्यासह त्यांनी निष्कर्ष मांडला की या उथळ पाण्यातल्या जीवसृष्टीचा पाया झोस्टेरा हे सागरी गवत आहे. ते मरते, कुजते, त्याचा भुगा गाळात मिसळतो आणि शिंपले त्या भुग्यावर जगतात. वनस्पतींच्या प्रकाशाकडे वळण्यावरील प्रयोगांमुळे पाठ्यपुस्तकांत गेलेले बोयसन येन्सन ते हेच. गाळातला सेंद्रिय अंश प्रामुख्याने या गवताचा आहे, हे त्यांनी १९१४ मध्ये रासायनिक पृथक्करणाने मांडले. त्याच वर्षी हाराल्ड ब्लेगवाड यांनी तळावरच्या अनेक अपृष्ठवंशी जीवांच्या पोटातले पदार्थ तपासले. त्यांत मुख्यतः कुजका भुगाच होता. पाण्यात तरंगणाऱ्या जिवंत प्लवकाला त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. गाळ आणि पोट, दोन्ही साक्षी एकच सांगत होते.

साक्षी खऱ्या होत्या, अर्थ चुकला. शिंपल्याच्या पोटात एक पारदर्शक, लवचिक दांडी सतत फिरत असते आणि तिच्यातून पाचकरसद्रव्ये सुटतात. कोवळा, रसाळ घास लवकर विरघळतो. चिवट तंतू तसेच राहतात. जीव मारून पोट उघडले की जे पचत नाही तेच जास्त दिसते. ब्लेगवाड यांनी पाहिले ते बऱ्याच अंशी ताटातले उष्टे होते. गाळाचेही तसेच: वर्षानुवर्षे कोणी न खाल्लेले तिथे साठते. साठा मोठा म्हणून वापर मोठा, हा हिशेब व्यापारातही कोणी करणार नाही.

पडताळा निसर्गानेच घेतला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर झोस्टेराला रोग लागला आणि गवताची बहुतेक कुरणे नाहीशी झाली. पीटरसन १९२८ मध्येच वारले होते. त्यांचा सिद्धान्त खरा असता तर डेन्मार्कचे शिंपले आणि मासे त्याच मापाने घटायला हवे होते. तसे घडले नाही. ज्यांचे पोट खरोखर या गवतावर होते त्यांची मात्र दैना झाली. ब्रेंट हंसांची संख्या कोसळली. झोस्टेराच्या पात्यांवरच जगणारी लोटिया अल्वेअस ही छोटी गोगलगाय अटलांटिकमधून कायमची गेली. अमेरिकेत स्कॅलॉप शिंपल्यांचा धंदाही काही ठिकाणी बसला, असा आक्षेप कोणी घेईल. पण स्कॅलॉपची पिल्ले गवताच्या पात्यांना धरून वाढतात; त्यांचे घर मोडले होते, अन्न नव्हे.

मग अन्न कोणते? याचे उत्तर मांसातल्या कार्बनने दिले. जड आणि हलक्या कार्बनचे प्रमाण प्रत्येक वनस्पतीत वेगळे असते. प्रमाणित मापापासूनचा फरक हजारी हिशेबात झोस्टेरात सुमारे उणे १०, चिखलावरच्या डायटममध्ये उणे १५च्या आसपास, समुद्रातल्या वनस्पतिप्लवकात उणे २१च्या जवळ आणि कांदळवनाच्या पानांत उणे २८च्या सुमारास असतो. खाणाऱ्याच्या अंगात तो जेमतेम एका अंकाने सरकतो. भुगा आधी जिवाणू खातात आणि जिवाणूंना शिंपला, हा जुन्या पक्षाचा शेवटचा बचावही इथे तपासता येतो, कारण जिवाणूंच्या मधल्या दलालीने ही खूण पुसली जात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: झोस्टेरा आणि प्लवक यांची भेसळही डायटमसारखेच उणे १५ देऊ शकते. तो मान्य करूनच संशोधक पुढे गेले. नेदरलँड्समध्ये स्केल्ट नदीमुखातल्या मोलेनप्लाट या चिखलपट्ट्यावर ओहोटीच्या वेळी जड कार्बन असलेले बायकार्बोनेट फवारण्यात आले. ते घेऊ शकत होते फक्त पृष्ठभागावरचे जिवंत शैवाल. थोड्याच काळात तो कार्बन तळातल्या जीवांच्या अंगात उतरला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने वाद बराच मिटवला. पृष्ठभाग चाटणारे जीव डायटमवर आणि पाणी गाळणारे शिंपले मुख्यतः पाण्यातल्या शैवालावर, अशी विभागणी त्यात दिसली. पण पाण्यातले सारे शैवाल समुद्रातूनच येते असे नाही. वारा आणि भरती चिखलावरचे डायटम उचलून पाण्यात मिसळतात, हे एम्स नदीमुखात दिसलेले आहे. पाणी गाळणाऱ्याच्या घासातही असा चिखल असतो.

आपल्याकडे हीच चूक झोस्टेराऐवजी कांदळवनाच्या नावाने होते. तिवराची पाने गळतात आणि खाडीतले सगळे त्यावर पोसते, असे सर्रास लिहिले जाते. काकीनाड्याजवळच्या कोरिंगा कांदळवनात बेल्जियमच्या स्टीव्हन बुयाँ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह हे तपासले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ऐन जंगलात राहणाऱ्या अनेक जीवांच्या अंगीही पानांचा कार्बन मुख्यत्वे आढळला नाही. शैवालाचा वाटा मोठा निघाला. पाने खाणारे खेकडे आणि गोगलगायी आहेतच, आणि किनारा धरून ठेवणे, पिल्लांना आडोसा देणे ही कांदळवनाची कामे निर्विवाद आहेत. पण त्याच्या गौरवात समोरचा उघडा चिखल पडीक ठरतो, हे मला चूक वाटते. ओहोटीला त्या चिखलावर जी सोनेरी-तपकिरी झाक चढते ती डायटमची. ऊन घ्यायला ते वर येतात आणि भरतीपूर्वी पुन्हा खाली सरकतात. २०११च्या किनारा नियमन अधिसूचनेने ‘जैविकदृष्ट्या सक्रिय’ चिखलपट्ट्यांना कांदळवनांच्याच पंक्तीत बसवले. तेव्हा कोकणातल्या एखाद्या खाडीत मोकळ्या चिखलावर भराव टाकण्याआधी, आणि तिवराची रोपे लावण्याआधीही, संबंधितांनी ओहोटीच्या उन्हात तिथला वरचा काही मिलिमीटरचा थर खरवडून एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा.