जुने ‘सॅम्पलर’ म्हणजे नेमकं काय? ट्रंकेतलं भरतकाम टाकण्याआधी हे वाचा

शाळेत शिवणकामाच्या तासाला एकाच कापडावर धावदोरा, उलटी टीप, साखळी, गहू टाका असे टाके घालून बाईंना दाखवावे लागत. कित्येक घरांत आई-आजीचं ते कापड अजून ट्रंकेत पडून असेल. इंग्लंडमध्ये अशा कापडाला ‘सॅम्पलर’ म्हणतात आणि तिथली जुनी सॅम्पलर संग्रहालयांत जपून ठेवली आहेत.

आधी वही, मग धडा

छापील नमुने सहज मिळत नव्हते, तेव्हा आवडलेली नक्षी लक्षात राहावी म्हणून बायका ती कापडावर भरून ठेवत. जेन बोस्टॉक हिने भरलेलं १५९८ सालचं सॅम्पलर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. साल घातलेल्या ब्रिटिश सॅम्पलरमध्ये ते सर्वांत जुनं मानलं जातं.

पुढे सॅम्पलर हा मुलींचा धडा झाला. त्यावर मुळाक्षरं, आकडे, सुवचन, शेवटी नाव आणि वय. अक्षरं भरण्यामागे पोटाचा प्रश्नही होता. मोठ्या घरांत चादरी-टॉवेलांवर खुणेची अक्षरं आणि आकडे भरावे लागत. ते येणाऱ्या मुलीला काम मिळणं सोपं जाई.

टाक्यांनी मांडलेली व्यथा

याच संग्रहालयात एलिझाबेथ पार्कर या ससेक्सच्या मुलीचं साधारण १८३० चं सॅम्पलर आहे. त्यावर फूल नाही, पान नाही. लाल रेशमाच्या बारीक फुलीटाक्यात नुसता मजकूर. घरकामाला ठेवलेल्या या मुलीने मालकाकडून झालेला छळ आणि जीव देण्याचा मनात आलेला विचार त्यात मांडला आहे. मजकूर वाक्याच्या मध्येच थांबतो. पुढे ती शिक्षिका झाली.

आपल्याकडची कसुती

धारवाड-बेळगाव भागातल्या कसुतीतला ‘गवंती’ टाका आणि इंग्लिश सॅम्पलरमधला दुहेरी धावदोरा यांची रीत एकच. धागे मोजून भरायचं, गाठ मारायची नाही, दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात. इरकल साडीवरची गोपुरं, रथ, तुळशीवृंदावनं अशीच एका हातातून दुसऱ्या हातात आली.

काय काळजी घ्यावी?

जुनं भरतकाम धुऊ नये. लाल रंग हमखास उतरतो. उन्हात टांगू नये. घडीवर कापड विरतं, म्हणून पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावं. प्लॅस्टिकची पिशवी नको. सोबत एक चिठ्ठी ठेवावी: कोणी भरलं, कुठे, साधारण कधी. इंग्लंडच्या मुलींनी आपलं नाव कापडावरच भरलं. आपल्याकडे ते सांगणारी माणसं आहेत, तोवरच ते लिहून घेता येईल.