घरगुती इंधन वायुनलिका

घरगुती इंधन वायुनलिका : स्वयंपाकघरातील शेगडी, जलतापक किंवा अंगणातील भाजणीची शेगडी यांना इंधन वायू पोहोचविणारे नळ, झडपा, दाबनियामक व लवचिक नळ्या यांच्या एकत्रित मांडणीस घरगुती इंधन वायुनलिका म्हणतात. वायूचा उगम घराबाहेर ठेवलेल्या सिलिंडरांत असतो किंवा रस्त्याखालून येणाऱ्या वितरणवाहिनीत असतो. मांडणी कोणतीही असो, वायू फक्त ज्वालकाच्या तोंडाशीच बाहेर पडावा, तेथे तो पूर्णपणे जळावा आणि गरज पडताच एका हालचालीने बंद करता यावा, ही तिची तीन उद्दिष्टे होत.

ऐतिहासिक : नळातून येणारा वायू महाराष्ट्रास नवा नाही. दगडी कोळशापासून काढलेल्या वायूने मुंबईचे रस्ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उजळले होते. या वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण मोठे असे. हा पुरवठा पुढे बंद पडला. १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरातील द्रवीकृत खनिज तेल वायूची विक्री सुरू केली आणि पुढील दशकांत तो राज्यभर पसरला. नैसर्गिक वायूच्या घरगुती वितरणासाठी १९९५ मध्ये मुंबईत महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पाजवळचे द्रवरूप नैसर्गिक वायूचे स्थानक २०१३ मध्ये कार्यान्वित झाले. जिल्ह्यातील वायुवितरणाचा अधिकार युनिसन एन्व्हायरो या कंपनीस मिळाला होता; ती कंपनी २०२४ मध्ये महानगर गॅसने विकत घेतली. त्यामुळे चूल, सिलिंडर व नळाचा वायू अशी तिन्ही साधने या एकाच जिल्ह्यात आढळतात.

वायूंचे गुणधर्म : सिलिंडरातील वायू हा मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असतो. तो दाबाखाली द्रवरूपात राहतो व बाहेर पडताना त्याचे आकारमान सु. २५० पट होते. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत पसरतो. नैसर्गिक वायूत मुख्यत्वे मिथेन असतो; तो हवेपेक्षा हलका असल्याने वर चढून छताखाली साचतो. हवेत द्रवीकृत खनिज तेल वायूचे प्रमाण सु. १·८ ते ९·५ टक्के असताना, तर नैसर्गिक वायूचे सु. ५ ते १५ टक्के असताना मिश्रण पेट घेते. दोन्ही वायू मूलतः जवळजवळ गंधहीन असतात. गळती ओळखू यावी म्हणून त्यांत मरकॅप्टन वर्गाची उग्र वासाची द्रव्ये मिसळतात.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तीन मी. लांब, तीन मी. रुंद व तीन मी. उंच स्वयंपाकघराचे आकारमान २७ घ. मी. असते. त्यातील सर्व हवा ज्वालाग्राही होण्यास सिलिंडरातील सु. १ किग्रॅ. वायू पुरतो. परंतु जड वायू प्रथम तळाशी पसरतो. जमिनीलगतच्या ३० सेंमी. जाडीच्या थरापुरता विचार केल्यास सु. १०० ग्रॅ. वायूच पुरेसा होतो. घरगुती सिलिंडरात १४·२ किग्रॅ. वायू असतो, हे लक्षात घेतले म्हणजे लहानशा गळतीचेही गांभीर्य कळते.

कोकणातील घरांची रचना या दृष्टीने विशेष लक्षात घ्यावी लागते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील मोरी, खालच्या पातळीवरील न्हाणीघर, मागील दारची पायरी व परसातील विहीर ही सर्व जड वायू वाहत जाऊन साचण्याची ठिकाणे होत. न्हाणीघरात बंबाखाली विस्तव असतो आणि देव्हारा स्वयंपाकघरातच असल्यास तेथे समई किंवा निरांजन तेवत असते. म्हणून सिलिंडर मोरीजवळ, विहिरीलगत किंवा तळघरात कधीही ठेवू नये.

मांडणी : सिलिंडर नेहमी उभा, सपाट व कोरड्या जागी, हवा खेळती राहील असा ठेवतात. तो आडवा केल्यास वायूऐवजी द्रव नळीत शिरतो आणि ज्वालकाशी अनावर ज्योत निर्माण होते. शेगडी सिलिंडराच्या माथ्याहून उंच ओट्यावर असावी. सिलिंडर बाहेर ठेवल्यास त्यावर ऊन-पावसापासून आडोसा करतात. मात्र या आडोशास तळाशी व माथ्याशी हवेसाठी जागा ठेवणे आवश्यक असते. सिलिंडरातील दाब तापमानाप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात तो सामान्यतः दर चौ. सेंमी.स ५ ते ७ किग्रॅ.च्या आसपास असतो. दाबनियामक तो दर चौ. सेंमी.स सु. ३० ग्रॅ., म्हणजे ३० सेंमी. उंचीच्या जलस्तंभाइतका खाली आणतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू घरात २१ मिलिबार, म्हणजे सु. २१ सेंमी. जलस्तंभाइतक्या दाबाने देतात.

पक्क्या नळासाठी तांब्याचे अखंड नळ किंवा जाड जस्तलेपित पोलादी नळ वापरतात. पाण्यासाठी वापरले जाणारे पीव्हीसी नळ वायूसाठी सर्वथा वर्ज्य होत. आट्यांच्या सांध्यांत वायूस योग्य असे लुकणच वापरावे लागते. पाण्याच्या नळांना चालणारा सफेदा व सूत येथे टिकत नाही. नैसर्गिक रबरावर खनिज तेल वायूचा परिणाम होऊन ते फुगते व भेगाळते, म्हणून लवचिक नळी मानकाप्रमाणे बनविलेली, तारांच्या जाळीने बळकट केलेली असावी. तिची लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी, ती भिंतीतून किंवा कपाटामागून नेऊ नये आणि पाच वर्षांनी बदलावी. नळ विजेच्या तारांपासून दूर ठेवतात व भूसंपर्कासाठी त्याचा उपयोग करीत नाहीत.

रत्नागिरीची खारी हवा व भरपूर पाऊस धातूंस मारक असतात. जस्ताचा थर निघाला की पोलाद लवकर गंजते. त्यामुळे बाहेरील नळास रंगाचे लेपन करून दरवर्षी पावसाळ्यानंतर ते तपासावे लागते. तांबे व जस्तलेपित पोलाद यांचा थेट संपर्क आल्यास ओलाव्यात विद्युत् रासायनिक क्रियेने पोलादी भाग झिजतो. म्हणून पकडींखाली निरोधक पट्टी घालतात. जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो. भिंतीत गाडलेला नळ अशा ओलीत दिसेनासा होऊन आतल्या आत गंजत राहतो. नळ भिंतीवरून उघडा नेणे हेच श्रेयस्कर. भिंत ओलांडावीच लागली तर नळ एका मोठ्या व्यासाच्या आवरण-नळीतून नेतात, ती नळी बाहेरच्या बाजूस किंचित उतरती ठेवतात आणि त्या टप्प्यात एकही सांधा घेत नाहीत.

नळाचा व्यास : मंददाब नळात वाहणारा वायू व्यासाच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्यास निम्मा केल्यास, दाबातील घट तीच ठेवून, वायूचा प्रवाह जवळजवळ साडेपाच पटींनी कमी होतो. स्वयंपाकघरासाठी घातलेल्या बारीक नळास पुढे अंगणातील मोठी शेगडी जोडली, तर दोन्ही पेटविताच दाब घसरतो, घरातील मंद ज्योत विझते आणि मोठी शेगडी बंद करताच विझलेल्या ज्वालकातून न जळलेला वायू बाहेर येऊ लागतो. म्हणून सर्व साधने एकाच वेळी चालू आहेत असे धरून व्यास ठरवितात.

अंगणातील शेगड्या : गणेशोत्सवातील मोठ्या पंगती, आंब्याच्या हंगामात रस आटविणे आणि गणपतीपुळे, गुहागर, दापोली परिसरातील पर्यटकांच्या निवासांत मासळी भाजणे यांसाठी बाहेर मोठे ज्वालक लावण्याची प्रथा वाढली आहे. एक किलोवॉट उष्णतेसाठी तासाला सु. ७८ ग्रॅ. वायू लागतो, त्यामुळे १० किलोवॉट क्षमतेची शेगडी तासाला पाऊण किग्रॅ.हून अधिक वायू जाळते. इतक्या वेगाने द्रवाचे बाष्पीभवन झाल्यास सिलिंडर थंड पडतो, बाहेरून दव धरतो आणि दाब उतरतो. अशा वेळी सिलिंडर आडवा करणे किंवा तो तापविणे हा अनेक अपघातांना आमंत्रण देणारा प्रकार होय. यावर खरा उपाय म्हणजे दोन किंवा अधिक सिलिंडर योग्य समूहनलिकेस जोडणे. घरगुती सिलिंडरांचा व्यावसायिक वापर २००० च्या पुरवठा व वितरण आदेशानुसार निषिद्ध असून त्यासाठी १९ किग्रॅ.चे सिलिंडर मिळतात. परवान्याशिवाय एकूण १०० किग्रॅ.पर्यंतच वायू बाळगता येतो.

अंगणातील शाखेस घराबाहेर पडण्याच्या ठिकाणी एक व शेगडीजवळ दुसरी अशा पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या दोन झडपा असाव्यात. जमिनीखालून जाणारी वाहिनी पिवळ्या पॉलिएथिलीन नळाची करतात. जांभ्यात खणलेल्या चरात प्रथम वाळूचा थर देतात. अन्यथा दगडाच्या कडा नळास कापतात. वर इशाऱ्याची पट्टी पुरतात. पॉलिएथिलीन उन्हाने खराब होते, म्हणून जमिनीबाहेर येताच नळ धातूचा करतात. शेगडी उचलून ठेवल्यावर मोकळ्या तोंडास टोपण बसविलेच पाहिजे. केवळ झडपेवर विसंबू नये.

पाऊस आला म्हणून पेटती शेगडी पडवीत आणणे घातक असते. एक घनमीटर प्रोपेनास पूर्ण जळण्यासाठी सु. २४ घ. मी. हवा लागते. ती अपुरी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यास वास वा रंग नसल्याने माणूस सावध होण्यापूर्वीच गुंगीत जातो. बंद न्हाणीघरातील वायू-जलतापकाचा धोकाही हाच आहे. हवेसाठीचे झरोके सिलिंडरातील वायूकरिता जमिनीलगत व नैसर्गिक वायूकरिता छताजवळ ठेवतात. पावसाळ्यातही ते बुजवू नयेत.

इंधन बदलताना ज्वालकाचे प्रोथही बदलावे लागतात. तीच उष्णता मिळण्यासाठी नैसर्गिक वायूच्या प्रोथाचे छिद्र सु. १·४ पट व्यासाचे लागते. नैसर्गिक वायूची शेगडी तशीच सिलिंडरास जोडल्यास ज्योत पिवळी, लांब व काजळी धरणारी होते.

चाचणी व देखभाल : जोडणी पूर्ण झाल्यावर साधने अलग करून नळात हवा किंवा नायट्रोजन भरतात व दाब ठरावीक काळ टिकतो की नाही ते पाहतात. ऑक्सिजन कधीही वापरत नाहीत, कारण तेलाचा अंश असल्यास स्फोट होऊ शकतो. तापमान ३° से. ने उतरल्यास निरपेक्ष दाब सु. १ टक्का घटतो. ही घट गळतीची समजू नये. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे ही सोपी व खात्रीची पद्धती होय. जळती काडी नेऊन पाहण्याची सवय अनेकांच्या जिवावर बेतली आहे.

सिलिंडराच्या गळ्याजवळील पट्टीवर अ, ब, क किंवा ड या अर्थाचे रोमन अक्षर व वर्षाचे दोन अंक असतात. अक्षर तिमाही दर्शविते. त्या मुदतीनंतर पुनर्चाचणी न झालेला सिलिंडर स्वीकारू नये. जोडणी व दुरुस्ती वितरकाच्या प्रशिक्षित कारागिराकडूनच करवून घ्यावी.

वायूचा वास आल्यास ज्योती विझवाव्यात, सिलिंडराची किंवा मुख्य नळाची झडप बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, कारण दोन्ही क्रियांत ठिणगी पडते. दूरध्वनी घराबाहेर जाऊनच करावा. सिलिंडरच्या वायुगळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे. वास पूर्णपणे गेल्याखेरीज आणि कारागिराने तपासल्याखेरीज पुन्हा ज्योत पेटवू नये.