थंडीत गाडी किती वेळ तापवावी?

डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी दिल्ली, सिमल्यात हे दृश्य हमखास दिसते. दारात गाडी सुरू ठेवायची नि आत जाऊन निवांत चहा प्यायचा! ही सवय कार्बोरेटरच्या काळातली. तेव्हा गारठ्यात पेट्रोलची नीट वाफ होत नसे. चोक ओढून इंजिन तापवले नाही, तर गाडी धक्के देत बंद पडे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तापमानानुसार पेट्रोलचे प्रमाण आपोआप ठरते.

म्हणून गाडी सुरू केल्यावर अर्धा ते एक मिनिट थांबणे पुरेसे. तेवढ्यात थंडीने दाट झालेले ऑइल इंजिनभर पोहोचते. मग पहिले काही किलोमीटर हळू चालवावे. उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीचे इंजिन लवकर तापते. काचेवर वाफ धरली असेल, तर ती स्वच्छ झाल्यावरच निघावे.

मात्र बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. डोके दुखू लागले, चक्कर किंवा मळमळ वाटली, तर लगेच मोकळ्या हवेत यावे व डॉक्टरांना गाठावे. गाडी आधी अंगणात काढावी, मुलांना मगच आत बसवावे.