पायथनच्या कुलपाची तीन दशके

1992 साली पायथन या संगणकभाषेत थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये शेजारीशेजारी चालणाऱ्या कामांची, सोय झाली, तेव्हा तिच्या इंटरप्रिटरला एक सामायिक कुलूप बसवण्यात आले. एका वेळी एकाच थ्रेडला पायथनचा कोड चालवू देणारे हे ‘ग्लोबल इंटरप्रिटर लॉक’, अर्थात ‘गिल’, त्या काळी कोणाला खुपले नाही, कारण बहुतेक यंत्रांत प्रोसेसर एकच असे. मेमरीतील प्रत्येक वस्तू किती ठिकाणी वापरात आहे याचा आकडा त्या वस्तूतच नोंदलेला असतो आणि तो शून्यावर आला की जागा मोकळी होते; दोन थ्रेडांनी तो एकदमच बदलला तर हिशेब चुकून वापरातली वस्तूच पुसली जाण्याचा धोका असतो, आणि तो या कुलपामुळे टळत असे.

ग्रेग स्टाइन यांनी 1996 मध्ये पायथन 1.4 मधून गिल काढून दाखवले, परंतु त्याच्या जागी अनेक लहान कुलपे आल्याने एकाच थ्रेडवर चालणारे प्रोग्राम फार मंदावले. म्हणूनच भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी 2007 मध्ये, अशा प्रोग्रामांचा वेग घटणार नसेल तरच हा बदल स्वीकारार्ह ठरेल, अशी अट घातली. बहुसंख्य प्रोग्राम याच प्रकारचे असल्याने ती रास्तच होती.

वेगापेक्षाही बिकट प्रश्न सुसंगततेचा, म्हणजे जुना कोड न बदलता चालत राहण्याचा, होता. नमपायसारखी सी भाषेतील विस्तार-पॅकेजे गिल आहेच असे गृहीत धरून वाढली होती, आणि सुसंगतता तुटल्यास स्थित्यंतर किती रेंगाळते हे आधीच दिसले होते: 2008 मध्ये आलेल्या पायथन 3 ने जुन्या कोडशी फारकत घेतल्यावर पायथन 2 चा अधिकृत आधार थांबायला 2020 उजाडले होते.

सॅम ग्रॉस यांचा, 2023 मध्ये स्वीकारला गेलेला प्रस्ताव हे दोन्ही प्रश्न एकत्र हाताळतो, आणि त्याचे मोल तिथेच आहे. त्यात वस्तू निर्माण करणारा थ्रेड आपला आकडा कुलपाविना बदलतो, तर इतरांसाठी वेगळा आकडा ठेवला जातो. गिलविना चालण्याची तयारी जाहीर न केलेले पॅकेज आयात होताच इंटरप्रिटर गिल पुन्हा लागू करतो, जेणेकरून जुना कोड नकळत बिघडू नये. ऑक्टोबर 2024 मधील 3.13 आवृत्तीत ही रचना प्रायोगिक होती. ऑक्टोबर 2025 मधील 3.14 मध्ये तिला अधिकृत आधार मिळाला, तरी ती ऐच्छिकच राहिली, कारण तिच्यासाठी सी-विस्तार वेगळे बांधावे लागतात आणि एकाच थ्रेडचे काम अजूनही सुमारे 5 ते 10 टक्के मंदावते.