भुताचं सरबत आणि लिंबातलं रक्त

दोस्तांनो, निळं सरबत कधी प्यायलात का? आणि त्या निळ्या सरबतात एक लालभडक हात तरंगतोय, त्याच्या बोटांमधून जांभळे धागे पाण्यात उतरतायत, असं दिसलं तर? घाबरू नका! हे सरबत आम्ही स्वतः केलं, प्यायलो आणि वर आणखी मागितलं. कसं करायचं ते सांगतोच. पण त्याआधी ते का केलं, ती गंमत ऐका.

गोष्ट आहे २०२४ च्या दिवाळीची. आमचं घर वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याला. पुण्याहून बहीण आणि भाची दिवाळीला आल्या होत्या. भाची सहावीत. आल्या आल्या तिनं तोंड फुगवलं.

"मामा, ३१ तारखेला हॅलोविन आहे. आमच्या सोसायटीत भुताची पार्टी आहे. सगळे भुताचे कपडे घालणार, लाल पंच पिणार. आणि मी इथे!"

हॅलोविन म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस. त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. आयर्लंडसारख्या देशांत उन्हाळा संपून काळोखी थंडी सुरू होण्याची ही वेळ. या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात, अशी तिथली जुनी समजूत. तिथले लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. पुढे ते अमेरिकेत गेले, तिथे मोठाले भोपळे मिळाले, मग भोपळ्याचे दिवे झाले.

मी भाचीला म्हटलं, "अगं, यंदा ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आहे. म्हणजे आपल्याकडेही त्या दिवशी राक्षस आहेच की!" आणि खरंच, नरकासुराच्या नावानं आपण पहाटे पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतो. गोव्यात तर नरकासुराचे उंचच उंच पुतळे करून पहाटे जाळतात. भुताखेतांच्या गोष्टींचीही आपल्याकडे वाण नाही. तोरण्यावर मुक्कामाला निघालात की कुणीतरी ब्रह्मपिशाच्चाची गोष्ट सांगणारच! शेजारच्या भोर तालुक्यात तर भुतोंडे नावाचं गाव आहे. नाव ऐकून हसू येतं ना? पण हे गाव भुताचं नाही, शिवरायांचे शूर साथीदार येसाजी कंक यांचं! भाटघर धरणाच्या जलाशयालाही त्यांचंच नाव दिलेलं आहे.

भाचीची कळी खुलली. "मग आपण भुताचं सरबत करू या!"

एवढ्यात चुलीपाशी बसलेली आजी म्हणाली, "पोरींनो, सणासुदीला भुताचं नाव नगा घेऊ. आन् त्ये लाल पाणी तर अजिबात नगं."

आजीचा आवाज एकदम निराळा लागला. भाचीनं खूप मागे लागून विचारलं, तेव्हा ती बोलली.

आजी आठ-नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. तिचा धाकटा भाऊ तापानं फणफणला होता. घरच्यांनी एका भगताला बोलावलं. त्यानं मुलावरून लिंबू उतरलं आणि सुरीनं कापलं. लिंबातून लाल रक्त टपकलं! "करणी हाय," भगत म्हणाला. करणी काढायला त्यानं दुभती शेळी मागितली. घरच्यांनी ती दिली. चार दिवस अंगारे-धुपारे चालले आणि ताप वाढतच गेला. शेवटी आजीच्या वडलांनी त्याला पाठीवर घेतलं आणि कितीतरी कोस चालून डॉक्टरकडे नेलं. म्हणून तो वाचला. "पर त्ये रगत म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय," आजी म्हणाली. "आजून लिंबू कापताना माझा हात थरथरतो."

भाची गप्प झाली. मीही गप्प झालो. मग मात्र मी ठरवलं, सरबत करायचंच आणि ते आजीसमोरच करायचं!

साहित्य (दहा ग्लासांसाठी)

गोकर्णीची निळी फुलं २५ ते ३०, साखर १ मोठी वाटी, लिंबं ३, आमसुलं ८ ते १०, पाणी २ लिटर, चवीला मीठ, सब्जा २ चमचे. शिवाय खाण्याचे पदार्थ हाताळायला मिळतो तसा, आत पावडर नसलेला नवा हातमोजा एक.

गोकर्ण तुम्हाला कुंपणावर सहज सापडेल. पावसाळ्यानंतर तिचा वेल फुलांनी भरलेला असतो. फुलं निळीच घ्या, पांढरी नकोत. ती ओळखीच्या अंगणातली, औषध न फवारलेली असावीत आणि मोठ्या माणसाला दाखवूनच घ्या. शेंगा, बिया किंवा मुळं मात्र अजिबात घालू नका, पोट बिघडतं.

कृती

१. आदल्या रात्री भुताचा हात करायचा. दोन वाट्या कोमट पाण्यात आमसुलं दोन तास भिजवा, कुस्करा आणि गाळून घ्या. हातमोजा आतून-बाहेरून धुवा. त्यात हे लाल पाणी भरा, तोंड दोऱ्यानं घट्ट बांधा आणि ताटलीत ठेवून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. बोटं नीट पसरून ठेवा हं!

२. दुसऱ्या दिवशी एक लिटर पाणी मोठ्या माणसाकडून उकळून घ्या. गॅस बंद करून त्यात धुतलेली फुलं टाका आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. पाणी निळंशार होईल. ते गाळून त्यात साखर आणि चिमूटभर मीठ विरघळवा. गार झालं की उरलेलं एक लिटर गार पाणी घाला. लिंबू आत्ताच पिळायचं नाही!

३. सब्जा कपभर पाण्यात अर्धा तास भिजवा. तो फुगला की प्रत्येक काळ्या दाण्याभोवती पांढरट बुळबुळीत गोळा होतो. ही आपली बेडकाची अंडी! ती सरबतात सोडा.

४. आता भुताचा हात बाहेर काढा. मोजा कात्रीनं हलकेच कापून पूर्ण सोलून घ्या, तुकडा आत राहता कामा नये. एखादं बोट मोडलं तरी बिघडत नाही, भूत अजूनच भयंकर दिसतं! हात सरबताच्या पातेल्यात सोडा आणि दिवे मालवा. आम्ही फक्त पणत्या ठेवल्या होत्या.

थोड्याच वेळात हाताभोवती जांभळे-तांबडे धागे सुटू लागतात आणि निळ्या पाण्यात पसरत जातात. डावानं सरबत ग्लासात ओता. प्रत्येकाच्या हाती लिंबाची फोड द्या आणि म्हणा, "पिळ!" क्षणात रंग पालटून जांभळा-गुलाबी होतो.

आणि हो, 'पंच' हा शब्द आपल्या 'पाच'वरूनच इंग्रजीत गेला, असं मानतात. जुन्या काळी हिंदुस्थानात आलेले इंग्रज दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांचं पेय करत. आपल्या पंचमध्येही मुख्य जिनसा पाचच आहेत : पाणी, साखर, लिंबू, गोकर्ण आणि आमसूल. दारूला इथे जागा नाही. सब्जा म्हणजे सहावा पाहुणा!

रंग का बदलला?

तुम्ही शाळेत लिटमस कागद पाहिला असेल. निळा लिटमस आम्लात लाल होतो. अशा पदार्थाला 'दर्शक' म्हणतात. गोकर्णीच्या पाकळीत अँथोसायनिन जातीचं रंगद्रव्य असतं. ते साध्या पाण्यात निळं दिसतं आणि आम्ल मिळालं की जांभळं होतं. लिंबात आम्ल आहे, आमसुलातही आहे. भुताचा हात विरघळू लागला, आम्ल पाण्यात उतरलं आणि रंग फिरला. भूतबीत काही नाही, सगळी आम्लाची करामत!

आपल्या घरात आणखीही दर्शक आहेत. हळदीत थोडा ओला चुना मिसळला की ती लाल होते. (हे प्यायचं नाही. चुना हाताळताना मोठं माणूस जवळ हवं आणि तो डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही.) आणि जास्वंद! तिचाच तर मला उपयोग करायचा होता.

आजीचं लिंबू

त्या दुपारी मी सुरीच्या पात्यावर दोन्ही बाजूंनी लाल जास्वंदीच्या पाकळ्या चोळल्या आणि पातं वाळू दिलं. वाळल्यावर पात्यावर काही आहे, हे ओळखूही येत नव्हतं. संध्याकाळी सरबत पिऊन झाल्यावर मी आजीसमोर लिंबू ठेवलं आणि त्याच सुरीनं कापलं. फोडीवरून लाल रस ओघळला.

आजी दचकून मागे सरली. मग मी दुसरी सुरी धुऊन, पुसून तिच्या हाती दिली. तिनं दुसरं लिंबू कापलं. साधा लिंबाचा रस! भाचीनं मग आजीला जास्वंदीचं फूल दिलं, सुरी कशी चोळायची ते दाखवलं. आजीनं स्वतः पातं चोळलं, वाळवलं आणि लिंबू कापलं. पुन्हा लाल.

आजी बराच वेळ त्या फोडीकडे बघत राहिली. "येवढंच व्हतं व्हय?" ती हळूच म्हणाली. "येवढ्यासाठी आमची शेळी नेली मेल्यानं!"

मग तिनं भाचीकडे ग्लास पुढे केला. "आण गं तुझं भुताचं पाणी. लिंबू मी पिळते."

लिंबू पिळताना तिचा हात थरथरला नाही.

आई-बाबांसाठी दोन शब्द

लिंबातलं 'रक्त' दाखवणारे लोक जास्वंदीऐवजी मिथिल ऑरेंजसारखं रसायनही सुरीला लावतात. तेही आम्लात लाल होतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गेली कित्येक वर्षं शाळाशाळांतून अशा चमत्कारांमागचं विज्ञान करून दाखवतात. समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणं, हा आता गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट काळजीची. पार्टीत धूर निघावा म्हणून काही जण 'ड्राय आइस' वापरतात. तो घरी आणूच नका. तो गोठलेला कार्बन डायऑक्साइड असतो, उणे ७८ अंश सेल्सिअस इतका थंड. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात तो मुखवास समजून तोंडात टाकल्यामुळे पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. आपल्या भुताला धुराची गरज नाही, आमसुलाचा हात पुरेसा आहे. गरोदर स्त्रियांनी आणि नेहमीची औषधं चालू असणाऱ्यांनी गोकर्णीऐवजी साधं कोकम सरबत घ्यावं.

तर दोस्तांनो, या दिवाळीत भुताचं सरबत नक्की करा. आणि घरातल्या आजी-आजोबांना एक प्रश्न विचारा, "लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची?" ते काय सांगतात, ते नीट ऐका. कुणी सांगावं, त्या भीतीचं उत्तरही तुमच्या स्वयंपाकघरातच सापडेल!