दुकानाचे शटर बंद, नंबर मात्र चालू

मुख्य धंद्याला जोड म्हणून काहीतरी सुरू करायचे, दोन हंगाम चालवायचे आणि जमले नाही की शटर ओढून घ्यायचे, हे आपल्या बाजारात नवे नाही. भाडे थांबते, कारागिरांचा हिशोब मिटतो. परंतु त्या धंद्यासाठी काढलेला जीएसटी नंबर तसाच राहतो आणि नुकसानाची खरी सुरुवात तेथूनच होते.

समजा, भिवंडीत मजुरीने माग चालवणाऱ्या एका गृहस्थाने ईदच्या हंगामासाठी रेडीमेड कुडत्यांचे काम सुरू केले. ऑनलाइन विक्रीसाठी नंबर घेतला. दोन वर्षांत काम बंद पडले. विक्री शून्य, म्हणून रिटर्नही भरायचे नाही, असा त्यांचा समज. वास्तविक विक्री नसली तरी ‘निल’ रिटर्न भरावेच लागते. शून्य कर असलेल्या जीएसटीआर-३बी ला उशीर झाल्यास रोज २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये शुल्क एका रिटर्नमागे बसते. दरमहा रिटर्नचा पर्याय असेल तर दोन वर्षांचे १२,००० रुपये झाले. तिमाही असेल तर ४,०००. एक रुपयाचाही माल न विकता! निल रिटर्न मोबाइलवरून एसएमएसनेही भरता येते. त्यासाठी वकिलाला पैसे मोजण्याची गरज नाही.

“सहा महिने रिटर्न भरले नाही तर खातेच नंबर रद्द करते, मग आपण कशाला धावायचे?” असे पुष्कळ जण विचारतात. खाते रद्द करू शकते हे खरे, पण मागची देणी त्याने मिटत नाहीत. शिवाय २०२५ पासून तीन वर्षांहून जुने रिटर्न पोर्टलवर भरताच येत नाही.

तेव्हा धंदा पुन्हा उघडण्याचा विचार नसेल तर आरईजी-१६ अर्ज करून नंबर स्वतःच रद्द करून घ्यावा. मुदत धंदा बंद झाल्यापासून ३० दिवसांची आहे. एक गोष्ट मात्र नीट पाहावी : मुख्य धंदाही त्याच पॅनवर, त्याच नंबरात असेल तर नंबर रद्द करू नका. फक्त बंद दुकानाची जागा नोंदणीतून कमी करा. घाईत चालत्या धंद्याचा नंबर गमावणे फार महाग पडते.

शिल्लक कापड, बटणे, शिलाई मशिने यांवर पूर्वी कराची वजावट घेतली असेल तर नंबर रद्द होताना त्यापोटी कर भरावा लागतो. म्हणून माल मोजून यादी करा, खरेदीची बिले फेकू नका. नंबर रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम रिटर्न भरायचे असते. बहुतेक लोक नेमके हेच विसरतात आणि पुन्हा नोटीस येते.

महाराष्ट्रात व्यवसाय कराची वर्षाला २,५०० रुपयांची नोंदणी केवळ याच धंद्यामुळे झाली असेल तर तीही बंद करून घ्यावी.

आयकराकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावे. बंद पडलेल्या वर्षातील तोटा पुढील आठ वर्षांच्या धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो, पण त्या वर्षाचे विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच. मुदत चुकली की तो तोटा पुढे ओढता येत नाही.