मोजक्या स्मृतीचे यंत्र

कोणी एखादी लांबलचक संख्या एकेक अंक उच्चारून सांगत आहे आणि ऐकणाऱ्याजवळ कागदही नाही व पेन्सिलही नाही, अशी कल्पना करावी. त्या संख्येस तीनने निःशेष भाग जातो की नाही, एवढेच त्याने शेवटी सांगावयाचे आहे. हे काम वाटते तितके अवघड नाही. ऐकलेल्या अंकांच्या बेरजेला तीनने भागल्यास बाकी किती उरते, एवढेच ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. ५७४२ ही संख्या घ्यावी. पाच ऐकताच बाकी दोन, त्यात सात मिळवले की नऊ, म्हणून बाकी शून्य, चारनंतर एक, आणि शेवटच्या दोनानंतर पुन्हा शून्य. म्हणजे भाग जातो. संख्या चार अंकांची असो वा चार हजार अंकांची, शून्य, एक व दोन या तीन खुणांपलीकडे स्मृती लागत नाही.

अशा रीतीने चालणाऱ्या यंत्राच्या कल्पनेस गणितात सांत स्वयंचल यंत्र, अर्थात फायनाइट ऑटोमॅटन, म्हणतात. त्याच्या अवस्था मोजक्या असतात व त्यांपैकी एक आरंभीची असते. प्रत्येक अवस्थेत कोणते चिन्ह आले असता कोणत्या अवस्थेत जावयाचे, हे आधीच ठरलेले असते. चिन्हे संपल्यावर यंत्र ठरावीक मान्य अवस्थेत असेल, तर ती चिन्हमालिका स्वीकारली गेली. स्वीकारल्या जाणाऱ्या सर्व मालिकांचा समूह ही त्या यंत्राची भाषा होय. येथे भाषेचा अर्थाशी संबंध नाही, केवळ चिन्हांच्या क्रमाशी आहे.

या विचाराचा उगम मेंदूच्या अभ्यासात आहे. १९४३ साली वॉरन मॅकलक व वॉल्टर पिट्स यांनी मज्जापेशींच्या जाळ्याचे गणिती चित्र मांडले. त्यावरून अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात एक सुंदर सिद्धांत दिला. एकामागून एक मांडणे, अनेकांतून एक निवडणे व हवे तितक्या वेळा पुन्हा मांडणे, या तीनच क्रियांनी साध्या चिन्हांपासून ज्या भाषा घडवता येतात, त्याच अशा यंत्रांना ओळखता येतात. त्यांनाच नियमित भाषा म्हणतात. पुढे १९६८ साली केन टॉम्प्सन यांनी याच तत्त्वावर मजकुरात शब्द शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. संगणकावरील शोधात हे तत्त्व आजही वापरले जाते.

परंतु मोजक्या स्मृतीला मर्यादाही आहे. जितके कंस उघडले तितकेच पुढे मिटले आहेत का, हे पाहण्याचे काम दहा अवस्थांच्या यंत्रास सांगितले असे समजू. त्याला प्रथम एक, मग दोन, असे करीत अकरापर्यंत उघडणारे कंस निरनिराळ्या वेळी दिले. मालिका अकरा, अवस्था दहा. तेव्हा कोणत्या तरी दोन मालिका यंत्राला एकाच अवस्थेत नेणारच. त्या चार व सात कंसांच्या आहेत असे धरू. आता दोहोंपुढे चार मिटणारे कंस ठेवले, तर पहिली मालिका बरोबर व दुसरी चूक ठरावी. यंत्राला मात्र दोहोंतील भेद उरलेला नाही. ते दोन्ही स्वीकारील वा दोन्ही नाकारील. अवस्था दहाऐवजी दहा लाख केल्या, तरी हाच युक्तिवाद लागू पडतो. म्हणूनच कंसांच्या तपासणीसाठी संगणकाला वाढत जाणारी निराळी स्मृती द्यावी लागते.

मग या दुबळ्या यंत्राचे महत्त्व काय? त्याच्याविषयी खात्रीने बोलता येते, हेच त्याचे महत्त्व. ते एखादी तरी मालिका स्वीकारील काय, दोन यंत्रांची भाषा एकच आहे काय, या प्रश्नांची उत्तरे ठरावीक पायऱ्यांत निश्चित मिळतात. मायकेल रॅबिन व डेना स्कॉट यांनी १९५९ साली अशा निर्णयाच्या प्रश्नांचा पद्धतशीर विचार केला. याउलट, अमर्याद स्मृतीचे कोणतेही यंत्र दिले असता ते कधी तरी थांबेल की नाही, हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली केलेल्या संशोधनातून सिद्ध होते. स्मृती वाढली की सामर्थ्य वाढते, पण त्या सामर्थ्याचे भाकीत करणे कठीण होते. ज्या कामाला तीन खुणा पुरतात, तेथे चौथी न मागण्यातच शहाणपण आहे.